छत्तीस नंबरांची हजेरी

मी छत्तीस झाडं मारली आहेत. एका बाथरूममध्ये, दिवसाढवळ्या, माझ्या या उजव्या हाताने. छत्तीस की पस्तीस याबद्दल थोडा वाद आहे, तो पुढे येईलच. पण गुन्हा अगोदर सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविषयी लिहायला बसलोय त्यांचे किस्से मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितले आहेत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले, लोक पोट धरून हसले. आणि दरवेळी नेमका या किश्शापाशी आलो की मी पाणी प्यायला उठायचो. आज उठणार नाही.

आमच्या हिचे थोरले मामा हे समोरच्या माणसाला धक्का देण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ आहेत. मी त्यांना बावीस वर्षं ओळखतो. या बावीस वर्षांत असा एक महिना गेला नसेल, की मी त्यांच्यापुढे तोंडाचा आ करून उभा राहिलो नाही. पहिला धक्का मी मुलगी पाहायला गेलो त्याच दिवशी बसला. मामा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, माझ्यापुढच्या कपात त्यांनी खिशातून काढलेली काचेची नळी बुडवली, ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बासष्ट. दोन मिनिटं थांबा जावईबापू, जीभ भाजेल." मुलगी अजून बाहेर यायची होती. माझ्या आईला वाटलं की या घराने ठरवूनच टाकलंय, तिला नाही म्हणायचा संकोच वाटला, आणि माझं लग्न झालं.

मामा दादरच्या एका शाळेत लॅब असिस्टंट होते. शाळा सुटली, दादर सुटलं, आम्ही राहतो त्याच शांती नगरमध्ये घर घेऊन निवृत्तीलाही कैक वर्षं झाली, पण मोजणं सुटलं नाही. चहा बीकरमधून पितात. वरणात मीठ तराजूने घालतात, आणि तो तराजू सोनाराकडच्यासारखा काचेच्या पेटीत असतो. घराबाहेर पडताना दारात उभे राहून हजेरी घेतात. "किल्ली?" स्वतःच उत्तर देतात, "हजर." "चष्मा?" "हजर." "पिशवी?" यावर उत्तर आलं नाही तर पुन्हा आत जातात. एकदा माझ्या मुलीला ताप आला म्हणून बघायला आले, तर तिचा, माझा, हिचा आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतल्या मातीचा असे चारही ताप घेऊन, वहीत लिहून निघून गेले. मी दारातच उभा. ही म्हणाली, "दार लावा. अजून सवय झाली नाही का तुम्हाला?"

नव्हती झाली. एका माणसाला मात्र मामांनी कधीच धक्का दिला नाही, त्या म्हणजे मामी. मामी हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे बहुधा आयुष्यात बघायचं ते सगळं त्यांचं बघून झालं होतं. त्या म्हणायच्या, "मोजू दे त्यांना. मोजून झालं की गप्प बसतात." त्यांच्याच वॉर्डात समुद्राकाठच्या उत्तन गावच्या एक ख्रिश्चन बाई नर्स होत्या, त्यांना आम्ही सगळे 'उत्तनच्या सिस्टर' म्हणतो. दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. सिस्टर त्याआधीच कधीतरी चर्चच्या लोकांबरोबर जेरुसलेमला जाऊन आल्या होत्या आणि तिथली ऑलिव्हची म्हातारी झाडं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. निवृत्तीची भेट म्हणून साडी नको, घड्याळ नको, असं म्हणत त्यांनी एका नर्सरीतून ऑलिव्हची दोन रोपं आणली. एक स्वतःला, एक मामींना. सिस्टरांचं रोप समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत गेलं. मामींचं मात्र शांती नगरच्या बाल्कनीत, निळ्या ड्रममध्ये, अकरा वर्षं उभं राहिलं.

अकरा वर्षांत त्याला एकही फळ आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन कपडे वाळत घालताना वर बघून विचारायच्या, "भाभी, आना पर फळ क्यारे आवशे?" मामी हसायच्या. "फळासाठी नाही हो लावलं. पानं बघा ना. वरून हिरवी, खालून चांदीची." वारा आला की ते झाड खरोखरच रंग बदलायचं. मामी दर गुरुवारी त्याला एक तांब्या पाणी घालायच्या. एकच.

मग मामी गेल्या. थोड्या दिवसांच्या आजारात गेल्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मामा एकटे राहिले आणि त्यांनी सगळं प्रेम त्या ड्रममध्ये ओतायला सुरुवात केली. ओतायला म्हणजे अक्षरशः. सकाळी पाचशे मिलिलीटर, संध्याकाळी पाचशे, तेही खुणा केलेल्या काचेच्या नळकांड्याने मोजून. दीड वर्षाने पानं गळू लागली, तेव्हा त्यांनी पाणी वाढवलं. शेवटी मी नर्सरीवाल्याला घेऊन आलो. त्याने मातीत बोट घातलं, एक मूळ ओढून वास घेतला, आणि अगदी हळू म्हणाला, "अंकल, आपने इसको प्यार में डुबा दिया. जड़ सड़ गयी है."

मामा चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या दारात आले. "जावईबापू, बी लावून उपयोग नाही. बियांतून येतं ते दुसरंच कोणीतरी असतं. मूल असतं ते. फांदीतून येतं ते तेच झाड. समजलं का तुम्हाला? तिने वाढवलं तेच. नवं नव्हे."

मला समजलं. आणि त्यांचा पुढचा धक्का कोणत्या दिशेने येणार याचीही कल्पना आली. पण कल्पना कमीच पडली.

ऑलिव्हची फांदी अशी सरळ मातीत खोचून जगत नाही, तिला मुळं फुटायची पावडर लावावी लागते. रूटिंग हार्मोन म्हणतात. ही पांढरी भुकटी मामांनी कुठूनशी पैदा केली आणि ती गार जागी ठेवायची म्हणून फ्रिजमध्ये ठेवली, पिठीसाखरेच्या डब्याशेजारी, तशाच डब्यात. वर चिठ्ठी होती, 'खाऊ नये. खाल्ल्यास मूळ फुटेल.' ही त्यांच्याकडे शंकरपाळे करायला गेली होती, तिने ती चिठ्ठी वाचली आणि तशीच घरी परत आली. त्या दिवाळीत आमच्याकडे शंकरपाळे झाले नाहीत.

मग रोप लावायची भांडी. मुळांना उजेड आवडत नाही, म्हणून काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास चालणार नव्हते. मी भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. माल बाहेर जाण्याआधी तो माझ्या हाताखालून जातो. मामांनी माझ्याकडे छत्तीस नापास ग्लास मागितले, पोचे आलेले, कड वाकडी असलेले. मी मालकांची परवानगी घेऊन आणून दिले. मामांनी त्यांच्या बुडाला भोकं पाडली, आणि लग्नाच्या भांड्यांवर आपण नावं घालतो ना, तशी मशीनवाल्याकडून प्रत्येक ग्लासावर नंबर आणि तारीख घालून आणली. मशीनवाल्याने विचारलं, "काका, लगीन कोनाचं?" मामा म्हणाले, "लग्न नाही, बारसं आहे."

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी मामींच्या झाडाच्या उरलेल्या चांगल्या फांद्यांपैकी एक सोडून सगळ्या कापल्या. ती एक झाडावर राहू दिली. "तिला तेवढं तरी ठेवू," म्हणाले. मी मदतीला होतो. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे छत्तीस तुकडे. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, अगदी बुडाशी, तिरका. खालची पानं काढून टाकायची, वरची चार ठेवायची आणि तीही अर्धी कापायची. बूड ओलं करायचं, पावडरीत टेकवायचं, आणि ग्लासावर टिचकी मारून जास्तीची झटकायची. "जास्त झाली तर मूळ येत नाही, बूड काळं पडतं. इथे प्रेम मोजून करायचं, जावईबापू," मामा म्हणाले, आणि क्षणभर त्या निळ्या ड्रमकडे बघत राहिले. मग पेन्सिलीने भोक पाडून त्यात काडी अलगद सोडायची, म्हणजे पावडर पुसली जात नाही.

यानंतर त्या छत्तीस ग्लासांना वरून दमट हवा आणि खालून ऊब हवी होती. दमट हवेसाठी मामांनी त्यांना बाथरूममध्ये नेलं. प्रत्येकावर पाण्याच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग उपडा घातला. त्या बाटल्या त्यांनी सगळ्या सेक्टरातून गोळा केल्या. वॉचमनला सांगून ठेवलं, "बोतल फेकना नहीं, मेरे को देना. झाड को मूळ फुटेगा तो तुमको पेढा देगा." खालून ऊब द्यायला मामींच्या गुडघ्याची गरम पाण्याची रबरी पिशवी होती, तशाच आणखी दोन त्यांनी आणल्या. तिन्ही पिशव्या सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याने भरून ट्रेखाली सरकवायच्या. बाथरूम असं भरून गेल्यावर अंघोळ कुठे करायची, हा प्रश्न मामांना पडलाच नाही. ते रोज सकाळी पावणेसातला, खांद्यावर टॉवेल टाकून, बीकर हातात घेऊन, आमच्या विंगमध्ये अंघोळीला येऊ लागले. बीकर कशाला, हे मी विचारलं नाही.

आणि हजेरी. शाळेतल्या लांबड्या रजिस्टरसारखं एक रजिस्टर त्यांनी आणलं. एक ते छत्तीस नंबर, तारखांची घरं, शेवटी 'शेरा' असा रुंद रकाना. रोज सकाळी सात वाजता मामा बाथरूमच्या दारात स्टुलावर बसायचे. "एक?" मग बाटलीतून पानांकडे बघायचे. "हजर. दोन?" असं छत्तीसपर्यंत. एकदा ही त्या वेळी तिथे गेली. घरी आली ती खुर्चीत बसूनच राहिली. म्हणाली, "अहो, सतरा नंबरला त्यांनी शाबासकी दिली."

चाळीस दिवस झाले आणि सांगलीहून फोन आला. मामांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला दुसरं कोणी नव्हतं. अठरा दिवस जाणं भाग होतं. मामांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बाथरूमच्या दारावर नियमांचा कागद चिकटवला. सात नियम होते. पाणी फवारून द्या, ओतू नका. पिशवीचं पाणी हाताला सोसेल इतकंच गरम घ्या. वगैरे. सातवा नियम लाल शाईत होता. 'ओढून पाहू नये.'

"याचं कारण सांगतो," मामा म्हणाले. "पहिली मुळं केसासारखी असतात. नुसता धक्का लागला की तुटतात. एकदा तुटली की काडीत दुसऱ्यांदा बळ नसतं. दोन-अडीच महिने बघायचं नाही. विश्वास ठेवायचा. जमेल ना?"

मी म्हणालो, "मामा, काळजी करू नका."

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. कढईचे कान, डब्याच्या कड्या, पातेल्याच्या मुठी, यांचं वेल्डिंग पक्कं बसलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. कान चिमटीत धरायचा आणि एक हलका झटका द्यायचा. धरला तर पास. बावीस वर्षं मी दिवसाला हजारभर कान ओढत आलोय. घरी नवं कपाट आलं तरी मी आधी त्याची मूठ ओढतो. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. माझा हात कसा आहे, एवढंच सांगतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाच नंबरला पाणी फवारलं, बाटली परत घालताना काडी चिमटीत आली, आणि हाताने झटका दिला. काडीने धरून ठेवलं. आतून कोणीतरी बोट पकडावं तसं. मुळं आली होती. चाळीस दिवस मामा ज्याची वाट बघत होते ते झालं होतं, आणि जगात ते फक्त मला माहीत होतं. मी तिथेच थांबलो असतो तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. पण एक पास झालं म्हणजे लॉट पास होत नाही, हे माझ्या रक्तात आहे. मी सहा ओढला, सात ओढला. आठ ओढला तो जरा जोरात ओढला गेला आणि काडी पूर्ण बाहेर आली. बुडाशी पांढरी गाठ होती, आणि तिला तीन मुळं, शेवयांच्या काडीइतकी बारीक, पांढरीशुभ्र. दोन होती तिथे राहिली. तिसरं माझ्या अंगठ्याला चिकटून आलं.

मी ते अंगठ्यावरचं मूळ किती वेळ बघत होतो मला आठवत नाही. मग काडी परत खोचली, आणि तिने पुन्हा जीव धरलाय की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढली. तिने धरलं नव्हतं. मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाने जे करू नये तेच केलं. बाकीच्या सगळ्या ठीक आहेत ना, याची खात्री करून घेऊ लागलो. रोज. छत्तीसही. कारखान्यात ज्या काळजीने करतो त्याच काळजीने.

रोज सकाळी सात वाजता सांगलीहून फोन यायचा. "हजेरी घ्या जावईबापू." मी बाथरूमच्या दारात स्टुलावर बसायचो. फोनमधून आवाज यायचा, "एक?" मी म्हणायचो, "हजर." "आठ?" "हजर." पानं हिरवी होती, त्यामुळे मी शब्दशः खोटं बोलत नव्हतो. एका सकाळी त्यांनी सतरा नंबरला शाबासकी द्यायला सांगितली. मी दिली. माझ्या मागे दारावर लाल शाई होती.

मामा परत आले तेव्हा सगळं हिरवं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगलीची हळद दिली. कापलेल्या काडीची पानं बरेच दिवस हिरवी राहतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, सुटलो. आठवडाभराने पानं पडू लागली. आधी आठ, मग पाच, सहा, सात. एका महिन्यात छत्तीसच्या छत्तीस काड्या नुसत्या काड्या राहिल्या. मामांनी प्रत्येक उपसून भिंगाखाली धरली. बुडं सुकलेली, मुळाचा पत्ताच नाही. ते मला म्हणाले, "एकालाही मूळ आलं नाही, जावईबापू. एकालाही. माझ्या हातालाच काहीतरी झालंय. आधी ते झाड बुडवलं, आता हे."

मी तिथे उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "हवाच खराब आहे इकडची."

त्यानंतर मामांनी मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का दिला. ते साध्या माणसासारखे वागू लागले. बाथरूम रिकामं झालं, ते घरी अंघोळ करू लागले. चहा कपातून पिऊ लागले. दारातून हजेरी न घेता बाहेर पडू लागले आणि दोनदा किल्ली आत विसरले. संध्याकाळी टीव्ही लावून त्याच्यापुढे बसायचे आणि त्यात काय चाललंय हे विचारलं तर सांगता यायचं नाही. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा हिने मुद्दाम वरणात मीठ जास्त घातलं. मामांनी ते वरण निमूटपणे खाल्लं. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा ना, तुमचं ऐकतात ते." मी पाणी प्यायलो.

मध्ये एकदा उत्तनच्या सिस्टर आल्या. सुके बोंबील घेऊन आल्या होत्या. बाल्कनीत जाऊन त्यांनी झाडाची ती राहिलेली फांदी नखाने खरवडून पाहिली. "मास्तर, ही अजून हिरवी हाय. हिच्यातून सात-आठ काड्या निघतील. कापा आन् लावा. उन्हाळा आला का ही पन न्हाय राहायची."

मामा म्हणाले, "नको सिस्टर. माझा हात लागला की मरतं. असू दे ती आहे तोवर."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मी नजर फिरवली. त्या दिवसापासून मला रोज एकच गोष्ट दिसायची. झाड वरून वाळत चाललंय, एक फांदी उरलीय, ती सुकली की मामींचं ते झाड या पृथ्वीवरून संपलं. आणि मामा ती कापणार नाहीत, कारण त्यांना जे खरं वाटतंय ते खरं नाही, आणि हे ठाऊक असलेला एकुलता एक माणूस मी. कारखान्यात जायला निघायचो तेव्हा त्यांच्या बाल्कनीकडे मान वर करून बघायचो. अजून हिरवी आहे. बघू, रविवारी बोलू. असे पाच रविवार गेले.

सहाव्या रविवारी सकाळी मामांनी फोन केला की रद्दीचा गठ्ठा खाली न्यायचाय, कंबर दुखतेय. मी गेलो, गठ्ठा उचलला आणि जिना उतरू लागलो. वरच हजेरीचं ते लांबडं रजिस्टर होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी ते उघडलं. शेऱ्याचा रकाना पूर्ण भरलेला होता, शाळेतल्या त्या वळणदार अक्षरात. 'एक : पावडर जास्त झाली असावी. माझी चूक.' 'दोन : काप नीट तिरका नाही. माझी चूक.' 'पाच : ऊब कमी पडली असेल. माझी चूक.' पुढे कारणं संपत गेलेली दिसत होती. 'सतरा : कारण सापडत नाही. माझीच चूक.' 'अठरा : माझीच चूक.' तिथपासून छत्तीसपर्यंत तेच दोन शब्द, एकाखाली एक.

मी पायरीवर बसलो. कोणीतरी जिना चढत होतं, त्याने विचारलं, "क्या हुआ भाई, चक्कर आया क्या?" मी मान हलवली, गठ्ठा तिथेच ठेवला आणि रजिस्टर घेऊन वर गेलो.

मामा टीव्हीपुढे बसले होते. मी टीव्ही बंद केला. बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. पाच नंबरपासून सांगितलं. अंगठ्याला चिकटलेलं मूळ सांगितलं, रोजचं ओढणं सांगितलं, फोनवरची हजेरी सांगितली, हवा खराब आहे म्हणालो तेही सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. आता ते मला घराबाहेर काढतील, आणि ते योग्यच होईल, असं मला वाटलं.

"कितव्या दिवशी?" मामांनी विचारलं.

"काय?"

"पहिलं मूळ तुम्ही कितव्या दिवशी पाहिलंत?"

मी मोजलं. "त्रेचाळिसाव्या."

"किती होती?"

"आठ नंबरला तीन."

"रंग?"

"पांढरी. एकदम पांढरी."

"लांबी सांगा. अशी नको, बोटावर दाखवा." मी अंगठ्याच्या नखाएवढं दाखवलं. मामांनी माझा अंगठा धरला आणि त्या नखाकडे असं बघितलं, जणू मूळ अजून तिथेच चिकटलेलं आहे. "आणि बाकीच्यांना? तुम्ही ओढल्यावर धरून ठेवायच्या?"

"बहुतेक सगळ्यांनी धरलं होतं, मामा. पहिल्यांदा ओढलं तेव्हा."

मामा उठले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. "म्हणजे आली होती," ते म्हणाले. "आली होती, जावईबापू. पावडर बरोबर होती. काप बरोबर होता. हात बरोबर होता." मी चार महिने लपवून ठेवलेली गोष्ट हीच होती, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. मला वाटत होतं मी माझी चूक लपवतोय. मी त्यांचं यश लपवलं होतं.

त्यांनी कपाटातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. स्वर शाळेतला होता. "शेरे चुकीचे आहेत. रेकॉर्ड चुकीचं ठेवायचं नसतं. बसा आणि दुरुस्त करा. खाडाखोड करू नका, एक आडवी रेघ मारायची आणि वर लिहायचं."

मी बसलो. एक नंबरवर रेघ मारली आणि लिहिलं, 'मूळ आले होते. जावयाने ओढले.' दोनवर तेच. तीनवर तेच. मामा खांद्यावरून वाचत होते. मी नऊवर रेघ मारायला गेलो तर त्यांनी हात धरला. "नऊ राहू द्या. नऊची पानं मी सांगलीला जायच्या आधीच वाकडी झाली होती. तो माझ्याकडचा आहे."

"मामा, असू द्या ना, एकाने काय—"

"जे तुमचं नाही ते घेऊ नका."

मग ते बाल्कनीत गेले. मी दहापासून पुढे लिहीत राहिलो. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, पिठीसाखरेच्या शेजारचा तो डबा बाहेर निघाल्याचा. ड्रम सरकल्याचा आवाज आला. आणि मग कात्रीचा एक नीट, तिरका आवाज. मी मान वर केली नाही. सतराला आलो तेव्हा डोळ्यांपुढची ओळ दिसेना, तरी लिहिलं. छत्तीसपर्यंत पोचायला चांगला तास गेला असेल. शेवटच्या शेऱ्यानंतरचं पान कोरं होतं. तिथे मामा उद्यापासून नवे नंबर टाकणार होते, सात की आठ ते कात्री ठरवणार होती. त्याच्या आधी, पानाच्या अगदी वरच्या ओळीवर, त्यांना रोज सकाळी सात वाजता दिसेल अशा ठिकाणी, मी माझ्या साध्या अक्षरात लिहिलं :

'मुळं आली होती. मी ओढून पाहिली आणि तुम्हाला सांगितलं नाही. मामा, मला माफ करा.'